चौकशीच्या खिडकीबाहेरचा प्रांत

शहराच्या मोठ्या बस आगारात चौकशीची खिडकी एकच होती आणि त्या खिडकीमागे गेली बावीस वर्षं एकच बाई बसत होती. हजेरीपटावर तिचं नाव असेलच, पण ते कुणाला आठवत नव्हतं. चालक, वाहक, झाडूवाल्या, उपाहारगृहातल्या पोऱ्यापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे तिला चौकशीताई म्हणत. घरी नवराही चेष्टेने तसंच म्हणू लागला होता, आणि आता ती चेष्टा राहिली नव्हती, सवय झाली होती.

खिडकीच्या काचेला एक अर्धगोल भोक होतं, तेही इतकं खाली की बोलायचं तर माणसाला कमरेत वाकावं लागे. त्यामुळे ताईंना माणसं चेहऱ्याने कमी आणि भांगाने, टकलाने, टोपीने जास्त ओळखू येत. आत एक उंच स्टूल, एक ध्वनिक्षेपक, भिंतीवर कधीच ताजं नसलेलं वेळापत्रक आणि डोक्यावर खडखडणारा पंखा. एवढ्यात त्यांचा दिवस जाई.

पण नुसती गाडीची वेळ सांगून गप्प बसणं ताईंना जमत नसे. कुणी तळ्याची गाडी विचारली की त्या म्हणत, सव्वानऊची, फलाट चार, आणि डाव्या खिडकीशी बसा, नाहीतर जुळ्या शेंड्यांचा डोंगर दिसायचा नाही. कुणी लेण्यांचं विचारलं की सांगत, आत शिरल्यावर लगेच पुढे जाऊ नका, शंभर आकडे मोजा, मग भिंतीवरची हरणं दिसायला लागतात. कुणी धबधब्याचं विचारलं तर बूट कुठले घाला इथपासून सुरुवात. मागे रांग खोळंबे, माणसं कुरकुरत, पण ज्याचा नंबर लागला तो मात्र खूश होऊन जाई. आणि प्रत्येकाला ताईंचं शेवटचं वाक्य ठरलेलं असे. परत आलात की सांगून जा, कसं झालं ते.

दहातले सात विसरत. तीन मात्र येत. दमलेले, उन्हाने रापलेले, पायात चिखल, पण सांगायला आसुसलेले. कमरेत वाकून त्या भोकातून ते सगळं सांगत आणि ताई हनुवटीला हात लावून ऐकत. अशी बावीस वर्षांत जमलेली माणसं. त्यांच्या सांगण्यातून अख्खा प्रांत ताईंच्या डोक्यात दगड-दगड करून रचला गेला होता.

आता खरी गोष्ट सांगायला हवी. यातलं एकही ठिकाण ताईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

त्याला कारण होतं, आणि ते सांगायला त्यांना लाज वाटे. ताईंना गाडी लागायची. थोडीथोडकी नाही, सपाटून. लग्नानंतर नवऱ्याबरोबर पहिल्यांदा बसने निघाल्या तर तिसऱ्याच वळणाला पुढच्या सीटवरच्या गृहस्थांच्या नव्या कोटावर सगळं झालं. त्या गृहस्थांनी उलट रुमालच पुढे केला, त्यामुळे तर ताईंना आणखी मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर त्यांनी बसमध्ये पाय ठेवला नाही. घर आगारापासून वीस मिनिटांवर, रोजचं जाणं-येणं चालत. नणंद म्हणायची, वहिनी, मिठाईच्या दुकानात बसून मधुमेह सांभाळणारी बाई आहेस तू. ताई हसण्यावारी नेत.

आगारात मात्र हे कुणाला ठाऊक नव्हतं. फार पूर्वी एका प्रवाशाने विचारलं होतं, तुम्ही स्वतः किती वेळा गेलात तिकडे? ताईंच्या तोंडून निघून गेलं, मोजलं नाही. तसं ते खोटंही नव्हतं. शून्य कोण मोजत बसतं? पण शेजारी उभ्या कंट्रोलरने ते ऐकलं, आणि ताईंनी सगळा प्रांत पालथा घातलाय ही गोष्ट तेव्हापासून आगारात पक्की झाली.

ती त्यांच्या अंगाशी आली एका शनिवारी, सकाळी आठला.

शेजारच्या प्रांतातून सतरा पाहुणे आले होते. सगळे एकाच वसाहतीतले, बहुतेक निवृत्त, वर्षभर आधीपासून ठरवून आलेले. त्यांच्यासाठी पर्यटन कार्यालयाने आगाराची खास गाडी घेतली होती, ती सहा नंबरच्या फलाटावर धुऊनपुसून उभी होती. पाहुणे उभे, चालक उभा, आणि त्यांना फिरवणारा मार्गदर्शक मात्र घरी न्हाणीघरात पाय घसरून आडवा. घोटा सुजून टोमॅटो झाल्याचा निरोप आला होता. दुसरा माणूस मिळायला सोमवार उजाडणार होता.

आगारप्रमुख तीनदा सहा नंबरला जाऊन आले, चौथ्यांदा चौकशीच्या खोलीत शिरले आणि दार लावून घेतलं.

"ताई, तुम्ही जा."

ताईंना वाटलं, काहीतरी निरोप घेऊन फलाटावर जायचंय. आगारप्रमुखांनी समजावून सांगितलं. तळं आणि धबधबा, संध्याकाळी परत. तुमच्याइतकं या प्रांताचं कुणाला माहीत आहे? खिडकीवर कंट्रोलरला बसवतो. आगाराची अब्रू तुमच्या हातात आहे.

ताईंच्या मनात पहिला विचार आला तो गाडी लागण्याचा. दुसरा आला तो त्याहून वाईट, आता सगळं बाहेर पडणार. त्या म्हणाल्या, मला गाडी लागते. आगारप्रमुख हसले. त्यांना वाटलं, बाई विनोद करतेय. बस आगारातली बाई आणि म्हणे गाडी लागते.

पाच मिनिटं मागून घेऊन त्यांनी नवऱ्याला फोन लावला. नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं काम करी. फोनवर मागे यंत्राची घरघर ऐकू येत होती. ताईंनी एका दमात सगळं सांगितलं. घरघर थांबली.

"जा की," तो म्हणाला. "मी तुला बावीस वर्षं ऐकतोय. मला तर वाटतं मीच जाऊन आलोय तिकडे."

"अहो, पण मी नाही ना गेले."

"मग आज जा. आणि पुढे बस, चालकाशेजारी."

तेवढं बोलून त्याने यंत्र पुन्हा चालू केलं. त्याला गिऱ्हाईक होतं.

चालकाला सगळे मौनीमामा म्हणत. दिवसाकाठी ते दहा-बारा शब्द बोलत, त्यातले निम्मे गाडीशी. ताई त्यांच्या शेजारच्या एकट्या सीटवर बसल्या, दांडी घट्ट धरली आणि डोळे मिटले. गाडी फलाटावरून वळली. मग बाजाराच्या कोपऱ्याला वळली. मग पुलाच्या चढावर लागली, आणि ताईंच्या घशाशी काहीतरी आलं. कपाळ गार पडलं. त्यांनी मनात म्हटलं, झालं, आज कुणाच्या कोटाची पाळी?

एवढ्यात मागून एक खणखणीत आवाज आला. दुसऱ्या रांगेत एक ताठ बसलेले गृहस्थ होते, हातात काठी, खिशाला दोन पेनं, मांडीवर उघडी वही. ते जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले मोजणीदार होते आणि सगळ्या मंडळींचे पुढारीही. त्यांनी विचारलं, ही नदी कुठून येते आणि हा पूल किती लांबीचा?

ताईंनी डोळे उघडले. लांबी त्यांना माहीत नव्हती. पण हा पूल बांधणाऱ्या गवंड्याची म्हातारी मुलगी एकदा खिडकीवर आली होती. तिने सांगितलं होतं की पुलाच्या मधल्या खांबात तिच्या बापाने आपली मोडलेली थापी चिणून टाकली, आणि म्हणून तो दर वर्षी एकदा पुलावरून चालत जाई, थापीची चौकशी करायला. हे ताईंनी सांगितलं. माणसं खिडकीतून वाकून खांब शोधायला लागली. ताईंनी पुढचं सांगितलं, मग त्याच्या पुढचं. पूल संपला, घाट लागला, आणि चौथ्या वळणावर त्यांच्या लक्षात आलं की घशाशी आलेलं खाली गेलंय.

त्या क्षणभर थांबल्या. लगेच कपाळ गार. पुन्हा बोलायला लागल्या. पुन्हा बरं.

मग काय विचारता. ताईंनी तोंड मिटलंच नाही. या वळणावर एक जोडपं भांडून गाडीतून उतरलं होतं आणि पुढच्या गाडीने हसत गेलं होतं. त्या पिवळ्या घरातल्या बाईने सतरा वर्षं चुकून आपल्या गाडीला रोज हात केला, कारण तिला वाटायचं तिचा भाऊ ती चालवतो. मौनीमामांनी हे ऐकून मान वळवली. ती बाई त्यांनाही हात करायची, कारण मात्र आज कळलं. गाडीत हशा पिकला. मागची माणसं पुढे येऊन उभी राहिली.

आणि मग डावीकडे तो डोंगर आला. ताई त्याचं वर्णन करत होत्या, दोन शेंडे, एक बोडका आणि एकावर झाडं, जणू एकाने केस कापले आणि दुसरा ऐकेना. बोलता बोलता त्यांनी मान वळवली तर तो होता. खरोखर होता. दोन शेंडे, एक बोडका. हजारो माणसांना सांगितलेला तो डोंगर त्यांच्याकडे बघत तिथे उभा होता, आणि ताईंना असं झालं की गाडी थांबवावी आणि खाली उतरून त्याला हात लावून यावं. पण मार्गदर्शकाने असं करायचं नसतं. त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं आणि वाक्य पुरं केलं.

तळं एका मोठ्या खळग्याच्या तळाशी होतं. वरच्या काठापासून दगडी पायऱ्या उतरत जात. मोजणीदारांनी वही सरसावून विचारलं, पायऱ्या किती?

"चारशे नऊ," ताई म्हणाल्या. "किंवा चारशे बारा."

"किंवा?" मोजणीदारांच्या भुवया वर गेल्या. हयातभर त्यांनी जमिनी मोजल्या होत्या, त्यात किंवा हा शब्द कधी वापरला नव्हता.

ताई तरी काय करणार? पायऱ्या मोजणारे प्रवासी त्यांना दोन प्रकारचे भेटत. निम्मे शपथेवर चारशे नऊ सांगत, निम्मे चारशे बारा. एकदा तर दोन सख्खे भाऊ वेगवेगळे आकडे घेऊन आले आणि खिडकीसमोरच भांडले. ताईंना हे कोडं इतकी वर्षं सुटलं नव्हतं.

मोजणीदार मोजत उतरले. बाकीचे हळूहळू, गुडघे धरत. पाण्याच्या काठाला पोचल्यावर ते म्हणाले, चारशे नऊ. मग थांबले, काठी पाण्यात घातली आणि चाचपडत राहिले. टक. थोडं पुढे, टक. आणखी पुढे, टक. पाण्याखाली तीन पायऱ्या होत्या. पाणी ओसरलं की चारशे बारा, भरलं की चारशे नऊ.

ताईंनी चक्क टाळ्या वाजवल्या. लहान मुलीसारख्या त्या पायरीवर बसल्या, पाण्यात हात घालून त्या तिन्ही पायऱ्या एकेक करून चाचपून पाहिल्या आणि बाही खांद्यापर्यंत भिजवून घेतली. दोघंही भाऊ बरोबर होते, दोघंही, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मोजणीदार त्यांच्याकडे जरा निरखून बघायला लागले. रोज इथे येणाऱ्या बाईला पायऱ्यांचं एवढं कौतुक कसलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण त्यांनी नुसता वहीत आकडा लिहिला, दोन्ही आकडे.

होडीतून तळ्याच्या मध्यावर गेल्यावर ताईंनी सगळ्यांना गप्प केलं आणि तीनदा टाळी वाजवली. एका गाणं शिकवणाऱ्या बाईंनी हे त्यांना सांगितलेलं होतं. काहीच झालं नाही.  मग समोरच्या कड्यातून एक टाळी आली, डावीकडून दुसरी, आणि पाठीमागून, अगदी उशिरा, कुणीतरी लाजत वाजवावी तशी तिसरी. ताईंच्या अंगावर काटा आला. त्यांनी तोंड दुसरीकडे केलं, आणि होडीवाल्याला उगीचच वल्ह्याचं लाकूड कुठलं ते विचारलं.

तळ्याकाठी डबे उघडले, माणसं जेवली, आणि दोनच्या सुमाराला गाडी धबधब्याच्या डोंगराच्या पायथ्याशी आली. इथून पुढे अर्धा तास चालायचं होतं. मौनीमामा आजवर कधी गाडी सोडून गेले नव्हते. ते इथे पोचले की मागच्या सीटवर आडवे होत. वाटेच्या तोंडाशी दोन लोखंडी खांब होते, वरची पाटी रंगवायला काढून नेलेली. पण ताईंना काळजी नव्हती. पालथ्या टोपलीसारखा दगड लागला की डावीकडे. हे इतक्या जणांनी सांगितलं होतं की झोपेतून उठवलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं.

टोपलीचा दगड लागला. ताईंनी ऐटीत डावीकडे हात केला. सतराही जण डावीकडे वळले.

वाट आधी रुंद होती, मग अरुंद झाली, मग चढायला लागली. अर्धा तास झाला. पाऊण झाला. झाडी दाट होत गेली आणि धबधब्याचा पत्ता नव्हता. एक जाडजूड गृहस्थ होते, त्यांचा गुडघा दुखायचा. त्यांनी आधी सुस्कारे टाकले, मग एका खोडावर बसकण मारली आणि म्हणाले की मी आता एक पाऊलही टाकणार नाही, धबधब्याला इकडे यायला सांगा. दोन बायकांनी पाणी संपल्याचं सांगितलं. ताई हसून वेळ मारून न्यायचा प्रयत्न करत होत्या, पण त्यांचा आवाज पातळ झाला होता.

मोजणीदार त्यांच्याजवळ आले. इतरांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलले.

"ताई, रागावू नका. तुम्ही इथे शेवटच्या कधी आला होतात?"

मोजलं नाही, हे उत्तर जिभेवर आलं होतं. बावीस वर्षं ते तिथेच तयार होतं. पण समोर तहानलेली, थकलेली सतरा माणसं होती. ताईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

"आज. आजच पहिल्यांदा. तळ्यावरही आजच पहिल्यांदा आले. मी चौकशीच्या खिडकीवर बसते. मला गाडी लागते म्हणून मी कधीच कुठे गेले नाही. मी जे काही सांगितलं ते सगळं ऐकलेलं आहे. तुम्हाला फसवायचं नव्हतं, पण फसवलं."

  जाडजूड गृहस्थ म्हणाले, म्हणजे आपण नक्की कुणाच्या मागे चाललोय? त्यांचा आवाज चांगलाच चढला होता. सकाळपासून गुडघा धरून चारशे पायऱ्या उतरलेल्या माणसाला आवाज चढवायचा हक्कच होता. ताईंनी मान खाली घातली.

मोजणीदारांची बायको एवढा वेळ मागे होती. ठेंगणी, हसऱ्या चेहऱ्याची बाई. ती पुढे आली.

"म्हणजे ते डोंगराचे दोन शेंडे तुम्हीसुद्धा आमच्याबरोबरच पाहिलेत?"

ताईंनी मान हलवली.

"तरीच," ती म्हणाली. "मी यांना म्हटलं होडीत, या बाई टाळ्या ऐकून रडल्या. रोज ऐकणारं माणूस रडत नाही."

तिने ताईंना आपल्या बाटलीतलं उरलेलं पाणी दिलं. मोजणीदार मात्र अजून वेगळ्याच विचारात होते. त्यांनी विचारलं, डावीकडे वळा असं तुम्हाला कुणी सांगितलं? ताई म्हणाल्या, सगळ्यांनी, एकूण एकाने. हे सगळे तुम्हाला कुठे भेटले? खिडकीवर. कधी? परत आल्यावर.

मोजणीदारांनी डोळे मिटले, उभ्या जागी गर्रकन पाठमोरे झाले आणि डावा हात वर केला.

"परत येताना डावीकडे," ते म्हणाले. "म्हणजे जाताना उजवीकडे. त्यांनी परतीची वाट सांगितली, ताई. तुमची ऐकण्यात चूक नाही. मोजणीला कुठे उभं राहायचं तेवढं चुकलं."

जाडजूड गृहस्थांनाही हसू आवरेना. सगळ्यांनी मिळून आता खाली उतरायचं ठरवलं, तेवढ्यात मोजणीदारांनी हात वर करून शांत राहायला सांगितलं. झाडीतून एक घरघर येत होती, बारीक, अखंड. त्यांनी काठी जमिनीवर टेकवून उतार पाहिला, वाऱ्याकडे तोंड केलं, आणि त्यांचा सरकारी चेहरा एकदम उजळला.

"पाणी आपल्या खाली आहे," ते म्हणाले. "आपण चुकलोय खरे, पण वर चुकलोय."

पन्नास पावलं, फार तर साठ. झाडं संपली आणि एक सपाट काळा खडक लागला, अंगणाएवढा. त्यावरून गुडघाभर पाण्याचा ओढा येत होता. गडबड नाही, आवाज नाही. सावकाश सरकत तो खडकाच्या कडेपर्यंत जात होता आणि कडेला पोचला की नाहीसा होत होता. पलीकडे काही नव्हतं. नुसतं आभाळ आणि खाली दूरवर पसरलेला मुलूख. गर्जना ऐकू येत होती ती पायाखालून. मधूनच वारा उलटा फिरे आणि पडलेलं पाणी तुषार होऊन पुन्हा वर येई, सगळ्यांच्या तोंडावर.

मोजणीदारांनी काठीने कडेपासून दहा पावलांवर एक रेघ ओढली आणि बजावलं की याच्या पुढे कुणी जायचं नाही. सगळे रेघेच्या अलीकडे ओळीने उभे राहिले, शाळेतल्यासारखे. डावीकडे कडा वळत गेला होता, त्यामुळे खालचं कुंड तिरपं दिसत होतं आणि कुंडाच्या काठी माणसं होती, तांदळाच्या दाण्याएवढी. त्यातल्या कुणालातरी वरची रांग दिसली. एक लाल छत्री हलायला लागली. मग सगळेच दाणे हात हलवायला लागले. वरून सतरा जणांनी हात हलवले, ओरडले. गुडघेदुखीवाल्या गृहस्थांनी तर टोपी काढून फिरवली आणि मग बूट-मोजे काढून ओढ्यात पाय सोडून बसले ते उठेनातच.

ताई काही बोलत नव्हत्या. धबधबा त्यांना शेकडो जणांनी सांगितला होता. मान मागे टाकावी लागते, मान दुखते, अंग भिजतं, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. सगळ्यांनी खालून पाहिलेला. पाणी असं येतं, इतकं निवांत, आणि आपल्याला पडायचंय हे त्याला शेवटच्या वितीपर्यंत माहीत नसावं असं येतं, हे त्यांना कधीच कुणी सांगितलं नव्हतं.

माणसं सवयीने त्यांच्याकडे बघायला लागली. आता इथली काय गोष्ट?

"इथलं मला काहीच माहीत नाही," ताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पार भिजला होता आणि त्या हसत होत्या. "इथून परत येऊन मला कुणी सांगितलंच नाही. हे माझं मीच पाहतेय."

परतीच्या वाटेवर बोलायची पाळी पाहुण्यांची होती. ज्याला त्याला आपण काय पाहिलं ते सांगायचं होतं आणि ताईंना ऐकायचं होतं. त्यामुळे व्हायचं तेच झालं. घाटात दोनदा गाडी थांबवावी लागली. मोजणीदारांच्या बायकोने पाठ चोळली, मौनीमामांनी पाणी दिलं आणि दिवसातले उरलेले शब्द खर्च करून म्हणाले, "ताई, गाडीत बोलत जा."

सोमवारी ताई आपणहून आगारप्रमुखांकडे गेल्या आणि जे झालं ते सांगून मोकळ्या झाल्या. नोकरीवर गदा येणार असं धरूनच त्या गेल्या होत्या. आगारप्रमुख बराच वेळ टेबलावरच्या काचेवर बोट फिरवत राहिले. मग त्यांनी विचारलं, त्या खडकावर खरंच पाय सोडून बसता येतं? ताई म्हणाल्या, येतं. आगारप्रमुख म्हणाले, मी अजून धबधबा पाहिलेला नाही. खालूनसुद्धा नाही. सुट्टीच्या दिवशी गाड्या सोडण्यातच एकोणीस वर्षं गेली.

पंधरा दिवसांनी मोजणीदारांचं पत्र आलं, पर्यटन कार्यालयाला आणि त्याची प्रत आगाराला. त्यात ताईंच्या माहितीतल्या अकरा चुका क्रमवार मांडल्या होत्या, न सांगितलेल्या पुलाच्या लांबीपासून सगळ्या. वाटेची चूक नकाशा काढून दाखवली होती. आणि शेवटी लिहिलं होतं की आमच्या सतरा जणांच्या मते या बाईंना मार्गदर्शकाचं काम रीतसर द्यावं, मात्र त्या ठिकाणं आधी एकदा पाहून येतील असं बघावं.

रीतसर म्हणजे परीक्षा. ताई पहिल्या खेपेला नापास झाल्या. सनावळ्या विचारल्या होत्या आणि ताईंनी गोष्टी लिहिल्या होत्या. नवऱ्याने दुकानातून आल्यावर रोज तासभर त्यांची उजळणी घेतली, नणंदेने जुन्या पुस्तकांतून सन काढून चिठ्ठ्या केल्या. दुसऱ्या खेपेला ताई काठावर का होईना पास झाल्या आणि छातीवर लावायचा बिल्ला घेऊन आल्या. तेव्हापासून सोमवार ते शुक्रवार खिडकी आणि रविवारी सहा नंबरचा फलाट.

पण खरा दंगा उडाला तो त्याच्या पुढच्या हंगामात. आगारप्रमुखांचं ते बोलणं ताईंच्या मनातून जात नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत त्या एकेकाला विचारत सुटल्या. टायर बदलणारा मिस्त्री, फलाट झाडणारी मावशी, आरक्षणावरचे दोघे, उपाहारगृहाचा मालक, हिशेबनीस, रखवालदार. तुम्ही काय काय पाहिलंय? कुणी काही नाही, कुणी लहानपणी एकदा लेणी. समुद्र तर आगारापासून अडीच तासांवर, रोज तिकडे सहा गाड्या सुटत, आणि निम्म्या माणसांनी तो पाहिलेला नव्हता. इंजिनं दुरुस्त करणारे म्हातारे फोरमन, ज्यांच्या हाताखालून समुद्राकडे जाणारी प्रत्येक गाडी गेली होती, तेही त्यांत होते.

ताईंनी आगारप्रमुखांच्या खोलीत ठाण मांडलं. त्यांनी होय-नाही करत शेजारच्या आगारातून एका दिवसापुरती माणसं मागवली, आणि एका रविवारी सकाळी साडेसहाला सहा नंबरला एक्केचाळीस माणसं उभी राहिली, धुतलेल्या कपड्यांत, एकमेकांना ओळखू न येणारी. झाडूवाल्या मावशीने केसांत फूल माळलं होतं. फोरमनच्या हाताला पहिल्यांदाच तेल नव्हतं. सगळे खिडकीच्या जागेसाठी लहान पोरांसारखे भांडले. मौनीमामांनी गाडी सुरू केली, आणि बाजाराचा कोपरा ओलांडायच्या आत गाडीत इतका कल्ला उठला की ताईंचं बोलणं पुढच्या दोन रांगांपलीकडे जाईना.

अडीच तासांनी शेवटची टेकडी आली. ताईंनी मामांना गाडी वर थांबवायला सांगितलं. माणसं उतरली, रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली, आणि कल्ला आपोआप थांबला. खाली सगळीकडे पाणी होतं.

फोरमन बराच वेळ बघत राहिले. मग ताईंना म्हणाले, "एवढं असेल असं वाटलं नव्हतं. गाड्या परत येतात त्या चाकांना वाळू लागलेली असते, तेवढीच मला माहीत होती."

ताईंनी त्यांना भरती-ओहोटीच्या वेळा सांगितल्या, दीपस्तंभ कुठे दिसतो ते दाखवलं, पाण्यात शिरताना चपला कुठे ठेवायच्या तेही सांगितलं. फोरमन ऐकत होते की नाही कोण जाणे. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडायला सुरुवात केली होती, टेकडीच्या माथ्यावरच, अजून पाणी अर्ध्या कोसावर असताना.